लखनौची ग्रंथसंपदा आणि तिची नोंद ठेवणारे पाश्चात्त्य

लखनौ शहराच्या नैर्ऋत्येस, कानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आलमबाग आज बसस्थानक, मेट्रो आणि बाजारपेठ यांनी गजबजलेले असले, तरी त्याचे नाव मूळचे एका बागेचे आहे. अवधचे शेवटचे नवाब वाजिद अली शाह यांच्या आलम आरा या बेगमेच्या नावाने उभी राहिलेली ही तटबंद बाग १८५७च्या सप्टेंबरात इंग्रज फौजेने ताब्यात घेतली, नोव्हेंबरात सेनापती हेन्री हॅवलॉक यांचे दफन तिच्याच आवारात झाले आणि पुढे मार्च १८५८पर्यंत जेम्स औट्राम यांनी ते ठाणे राखले. खानदेशात भिल्ल पलटण उभारणारे अधिकारी म्हणून औट्राम यांचे नाव महाराष्ट्राला आधीपासून ठाऊक होते. हॅवलॉक यांच्या चरित्रातील एक तपशील मात्र फारसा सांगितला जात नाही. १८२३ मध्ये हिंदुस्थानात येण्यापूर्वी ते लंडनमध्ये जॉन बोर्थविक गिलख्रिस्ट यांच्याकडे हिंदुस्तानी आणि फारसी शिकले होते आणि स्वतः गिलख्रिस्ट यांचा हिंदुस्तानीचा अभ्यास अवधच्या जुन्या राजधानीत, फैजाबादेत, झाला होता. ज्या मुलखातील मुन्शींनी एका परदेशी डॉक्टरला आपली भाषा शिकवली, त्याच मुलखावर त्या डॉक्टरचा विद्यार्थी पंचाहत्तर वर्षांच्या आत फौज घेऊन चाल करून आला.

भाषेचे ज्ञान आणि राज्याची सत्ता यांची अशी गुंतागुंत प्राच्यविद्येच्या इतिहासात जागोजागी आढळते. आशियातील भाषा, धर्मग्रंथ, इतिहास, कायदा, लिपी आणि कला यांच्या पद्धतशीर अभ्यासाला प्राच्यविद्या म्हणतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोपीय विद्वानांनी तिचा पाया घातला आणि एकोणिसाव्या शतकात ती विद्यापीठीय विषय म्हणून स्थिरावली. या विद्वानांविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते प्रचलित आहेत. त्यांनी आपला विसरलेला वारसा आपल्याला परत मिळवून दिला, असे एक मत सांगते. तर १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एडवर्ड सैद यांच्या ग्रंथानंतर बळावलेले दुसरे मत असे, की हा सारा अभ्यास साम्राज्याची चाकरी करण्यासाठीच होता. दोन्ही मतांत तथ्य आहे, पण एखाद्या विशिष्ट विद्वानाचे काम आज कितपत विश्वासार्ह मानावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांपैकी कोणतेच देत नाही. लखनौशी संबंध आलेल्या काही पाश्चात्त्य अभ्यासकांची चरित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर त्या उत्तरासाठी एक साधी कसोटी हाती लागते. ती म्हणजे त्या विद्वानाने ठेवलेली नोंद.

राजधानी, ग्रंथ आणि गिऱ्हाईक

१७७५ मध्ये नवाब आसफुद्दौला यांनी अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला हलवली. दिल्लीचा दरबार तोवर पुरता खालावला होता आणि अफगाण, मराठे व जाट यांच्या स्वाऱ्यांनी जर्जर झालेल्या त्या शहरातून कवी, चित्रकार, खुशनवीस म्हणजे सुलेखनकार, हकीम आणि मौलवी आश्रयाच्या शोधात पूर्वेकडे येत होते. उर्दूचे श्रेष्ठ कवी सौदा अवधच्या दरबारी आले, तर मीर तकी मीर १७८२ मध्ये लखनौला येऊन स्थायिक झाले. माणसांच्या पाठोपाठ ग्रंथही आले. काही राजघराण्यांच्या संग्रहांतून विकले गेले, काही लुटीतून आले आणि काही नव्याने नकलून घेतले गेले. छापखाना रुळण्यापूर्वीच्या त्या काळात ग्रंथ हा एकाच वेळी विद्येचा, कलेचा आणि गुंतवणुकीचा ऐवज होता आणि लखनौ ही त्याची उत्तर हिंदुस्थानातील मोठी बाजारपेठ बनली.

या बाजारपेठेतील एक मातबर युरोपीय गिऱ्हाईक म्हणजे आंत्वान पोलिए. १७४१ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे जन्मलेले पोलिए किशोरवयातच हिंदुस्थानात आले आणि ईस्ट इंडिया कंपनीचे अभियंता म्हणून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम किल्ल्याच्या बांधकामावर राहिले. परंतु जन्माने इंग्रज नसलेल्या अधिकाऱ्यांच्या बढतीला कंपनीने मर्यादा घातलेली असल्यामुळे १७७३ मध्ये त्यांनी नवाब शुजाउद्दौला यांच्या पदरी काम धरले. त्यांच्या फारसी पत्रव्यवहाराचा संग्रह पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जतन झाला असून मुझफ्फर आलम आणि सीमा अलवी या इतिहासकारांनी त्याचा इंग्रजी अनुवाद २००१ मध्ये प्रसिद्ध केला. या पत्रांतून दिसणारे पोलिए मुघल अमिराच्या इतमामाने राहतात, मालाची खरेदी-विक्री करतात, घरच्या कारभाराच्या सूचना देतात आणि मिहरचंद यांच्यासारख्या चित्रकाराला काम सांगतात. योहान झोफानी या चित्रकाराने १७८६-८७च्या सुमारास लखनौत रंगवलेले आणि आज कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये असलेले एक चित्र या जीवनाचे चांगले दर्शन घडवते. चित्रात पोलिए माळ्याने आणलेली फळे-भाजी पाहत आहेत, त्यांचे मित्र क्लॉड मार्टिन आपल्या घराचे चित्र एका सोबत्याला दाखवत आहेत आणि खुद्द झोफानी चित्रफलकापाशी बसले आहेत. हौस, व्यापार, कला आणि विद्या या चारही गोष्टी एकाच दालनात सुखाने नांदत होत्या.

पोलिए यांचे नाव मुख्यतः वेदांच्या प्रतीमुळे स्मरणात राहिले. वेदांविषयी युरोपात ऐकीव माहिती पुष्कळ असली, तरी संहितांची जवळपास संपूर्ण प्रत तेथे पोहोचली नव्हती. पोलिए यांनी जयपूर दरबारी असलेले पोर्तुगीज वैद्य दोन पेद्रो द सिल्वा यांच्या मध्यस्थीने राजा प्रतापसिंह यांची परवानगी मिळवली, ब्राह्मणांकडून प्रत नकलून घेतली आणि १७८९ मध्ये ती ब्रिटिश म्युझियमच्या स्वाधीन केली. ग्रंथांची बांधणी कातड्यात न करता रेशमात किंवा मखमलीत करावी, अशी त्यांची अट होती. ही अट लखनौतील एका विद्वान हिंदू गृहस्थांच्या आग्रहावरून आली होती आणि प्रत देणाऱ्यांच्या श्रद्धेची कदर घेणाऱ्याने केली, याची ती लेखी खूण आहे. महाभारत, रामायण आणि भागवत यांतील कथा पोलिए यांनी रामचंद नावाच्या शिक्षकाकडून ऐकून लिहून घेतल्या. हेच रामचंद यापूर्वी कलकत्त्याचे विख्यात संस्कृतज्ञ सर विल्यम जोन्स यांच्याकडेही शिकवत होते आणि अडलेल्या जागी विचारण्यासाठी त्यांच्यासोबत ब्राह्मण पंडित असत. पोलिए १७९५ मध्ये फ्रान्समध्ये आव्हिन्याँजवळ दरोडेखोरांच्या हातून मारले गेले आणि त्यांच्या टिपणांवरून त्यांच्या एका नातलग स्त्रीने सिद्ध केलेला ग्रंथ १८०९ मध्ये बाहेर आला. त्यात रामचंद यांचा उल्लेख आहे. त्यामुळे ही माहिती कोणाच्या तोंडून आली, हे वाचकाला कळते.

कंपनीचे अधिकारी रिचर्ड जॉन्सन हे १७८० ते १७८२ या काळात लखनौच्या रेसिडेंटचे, म्हणजे दरबारी नेमलेल्या कंपनीच्या प्रतिनिधीचे, साहाय्यक होते. एवढ्या अल्पकाळातही त्यांनी हस्तलिखिते आणि लघुचित्रे यांचा प्रचंड साठा केला आणि १८०७ मध्ये तो कंपनीच्या लंडनमधील ग्रंथालयाला विकला; आज तो ब्रिटिश लायब्ररीत आहे. मुघल बादशहा शाहजहान यांच्या कारकिर्दीचे सचित्र 'पादशाहनामा' हे हस्तलिखितही लखनौहूनच इंग्लंडला गेले. ते नवाब सआदत अली खान यांनी गव्हर्नर जनरल जॉन शोअर यांच्यामार्फत राजे तिसरे जॉर्ज यांना नजर केले आणि ते विंडसरच्या राजसंग्रहात आहे. विक्री, नजराणा आणि लूट या तिन्ही वाटांनी लखनौचे ग्रंथ एकाच दिशेने गेले.

मुन्शींचा विद्यार्थी

गिलख्रिस्ट यांची वाट थोडी निराळी होती. १७५९ मध्ये एडिंबरो येथे जन्मलेले गिलख्रिस्ट १७८२ मध्ये मुंबईत उतरले, साहाय्यक शल्यचिकित्सक म्हणून लष्करात रुजू झाले आणि पलटणीबरोबर सुरतेहून गंगेच्या खोऱ्यापर्यंत चालत गेले. या लांब प्रवासात सर्वत्र कमी-अधिक समजली जाणारी एक बोली त्यांच्या कानावर पडत होती. कंपनीचा कारभार तेव्हा फारसीत चाले आणि ही लोकभाषा शिकण्यासाठी कामचलाऊ पुस्तकांखेरीज साधन नव्हते. रजा काढून ते फैजाबादेत राहिले, दाढी वाढवली, तेथील पोशाख केला आणि मुन्शी नेमून शब्दसंग्रह सुरू केला. अक्षरांच्या क्रमाने एकेक ध्वनी उच्चारायचा आणि त्यापासून होणाऱ्या शब्दांचे जेवढे म्हणून अर्थ असतील तेवढे मुन्शींकडून वदवून घ्यायचे, अशी त्यांची पद्धत होती. त्यातून इंग्रजी-हिंदुस्तानी कोशाचे खंड १७८६ पासून प्रसिद्ध होऊ लागले. १८०० मध्ये कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन झाल्यावर ते तेथे हिंदुस्तानीचे प्राध्यापक झाले आणि त्यांच्या देखरेखीखाली मीर अम्मन यांच्यासारख्या लेखकांनी साध्या, बोलीजवळच्या गद्यात पुस्तके लिहिली. १८०४ मध्ये ते मायदेशी परतले, लंडनमध्ये हिंदुस्तानीचे वर्ग चालवू लागले आणि तेथेच हॅवलॉक त्यांना शिष्य म्हणून लाभले.

मराठी वाचकाला या कथेचा दुसरा भाग घरचाच वाटेल. जेम्स मोल्सवर्थ आणि कँडी बंधू यांनी याच रीतीने, मराठी शास्त्री-पंडितांना बरोबर घेऊन, मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. १८३१ मध्ये निघालेल्या या कोशाची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती नेमकी १८५७ मध्येच मुंबईत प्रसिद्ध झाली. या कोशांवर नाव परदेशी संपादकाचे असे. शब्द मात्र त्या पंडितांच्या आणि मुन्शींच्या जिभेवरचे होते आणि त्यांपैकी बहुतेकांची नावे मुखपृष्ठापर्यंत पोहोचली नाहीत.

श्प्रेंगर आणि उंदरांच्या पेट्या

लखनौच्या ग्रंथसंपदेची सर्वांत पद्धतशीर पाहणी ज्यांनी केली, ते आलोइस श्प्रेंगर ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतातील नासेराइट या गावी १८१३ मध्ये जन्मले. व्हिएन्ना येथे वैद्यक आणि पौर्वात्य भाषा यांचे शिक्षण घेऊन ते लंडनला गेले, ब्रिटिश नागरिक झाले, हॉलंडमधील लायडन विद्यापीठाची वैद्यकाची पदवी मिळवली आणि १८४३ मध्ये डॉक्टर म्हणून कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आले. त्यांचा ओढा मात्र अरबी वाङ्मयाकडे होता. लवकरच ते दिल्ली कॉलेजचे प्राचार्य झाले. गणिती मास्टर रामचंद्र ज्या कॉलेजात शिकवत होते, ते हेच. पाश्चात्त्य शास्त्रांची पुस्तके उर्दूत आणण्याचा उद्योग तेथे चालला होता. श्प्रेंगर यांनी त्याला चालना दिली आणि एक उर्दू साप्ताहिकही सुरू करवले.

१८४८ मध्ये कंपनी सरकारने त्यांना लखनौच्या रेसिडेंटचे जादा साहाय्यक नेमून नवाबांच्या ग्रंथालयांची सूची करण्यास पाठवले. या नेमणुकीमागे सरकारचे परराष्ट्र सचिव सर हेन्री इलियट यांची प्रेरणा होती. इलियट हे मुसलमानी राजवटीच्या इतिहासाची साधने जमवत होते आणि त्यांच्या साधनसूचीचा पहिला खंड १८४९ मध्ये निघाला. तेव्हा या पाहणीमागे विद्याप्रेम होते तसाच राज्यकर्त्यांचा हिशेबही होता, कारण मागील राज्यकर्त्यांचा इतिहास कोणत्या रंगात मांडायचा हे त्या साधनांवरून ठरणार होते. श्प्रेंगर यांनी काम सुरू केल्यापासून आठ वर्षांच्या आत, फेब्रुवारी १८५६ मध्ये, कंपनीने अवध खालसा केले आणि तेव्हा रेसिडेंट असलेले औट्रामच त्या प्रांताचे पहिले चीफ कमिशनर झाले.

नवाबांचे ग्रंथ तीन ठिकाणी विभागलेले होते: तोपखाना, फरहबख्श राजवाडा आणि मोती महल. यांपैकी तोपखान्यातील संग्रहाचे श्प्रेंगर यांनी केलेले वर्णन पुढे वारंवार सांगितले गेले. तेथे उंटावर लादण्याच्या सुमारे चाळीस मोडक्या पेट्यांत ग्रंथ भरून ठेवले होते आणि त्याच पेट्यांत उंदरांची कुटुंबे सुखाने वाढत होती. त्यामुळे हात घालण्यापूर्वी पेटीत काठी ढोसून पाहावी, असा सल्ला ते भावी अभ्यासकांना देतात आणि ज्याला प्राच्यविद्येबरोबर प्राणिशास्त्राचीही आवड असेल त्याने खुशाल तसे करू नये, अशी पुस्ती जोडतात. या वर्णनात परक्याचा तोरा आहे, हे खरे. पण ग्रंथ कोणत्या जागी, कोणत्या अवस्थेत होते, याची प्रत्यक्ष पाहणाऱ्याने केलेली नोंदही त्यातच आहे.

जानेवारी १८५० पर्यंत श्प्रेंगर लखनौत होते. त्यांच्या सूचीचा पहिला खंड १८५४ मध्ये कलकत्त्यास छापला गेला. त्यात फारसी आणि हिंदुस्तानी, म्हणजे आजच्या भाषेत उर्दू, काव्यग्रंथांचा समावेश आहे. सूची म्हणजे नुसती यादी नव्हे. हस्तलिखिताचे पहिले आणि शेवटचे पान बहुधा फाटलेले असते, त्यामुळे ग्रंथाचे नाव, कर्ता आणि नकलेचा काळ या तिन्ही गोष्टी हरवतात आणि एकाच नावाची दहा काव्ये दहा कवींनी लिहिलेली असतात. म्हणून श्प्रेंगर प्रत्येक ग्रंथाच्या आरंभीची ओळ मूळ लिपीत देतात. ती जुळली की दुसऱ्या कोणत्याही ठिकाणचा तोच ग्रंथ ओळखता येतो. त्यापुढे पानांची संख्या, दर पानावरील ओळी, प्रत कोणत्या संग्रहात आहे ती जागा आणि कवीविषयीची माहिती येते. ही माहिती त्यांनी तज्किऱ्यांतून घेतली. कवींचा अल्प परिचय आणि त्यांच्या निवडक रचना एकत्र देणारे संग्रह म्हणजे तज्किरे. ही फारसी-उर्दू वाङ्मयातील जुनी परंपरा आहे आणि तिच्यावर आधारून श्प्रेंगर यांनी उर्दू कवींची अकारविल्हे यादी सिद्ध केली. म्हणजे श्प्रेंगर यांच्या सूचीची मांडणी युरोपीय असली, तरी तिचा आशय हिंदुस्थानी विद्वानांनी पिढ्यान् पिढ्या जमवलेला होता. ही यादी पुढे उर्दूत अनुवादितही झाली.

सूचीचे पुढील खंड निघाले नाहीत. श्प्रेंगर यांनी कलकत्ता मदरशाचे प्राचार्यपद आणि एशियाटिक सोसायटीचे चिटणीसपद सांभाळले, अरबी ग्रंथांच्या संपादनात भाग घेतला आणि १८५६च्या सुमारास हिंदुस्थान सोडले. त्यांनी पूर्वेत जमवलेला स्वतःचा संग्रह, सुमारे दोन हजार हस्तलिखिते व छापील ग्रंथ, १८५७ मध्ये बर्लिनच्या शाही ग्रंथालयाने विकत घेतला. पुढे ते बर्न येथे प्राध्यापक झाले, १८६१ ते १८६५ या काळात महंमद पैगंबरांचे तीन खंडांतील जर्मन चरित्र त्यांनी प्रसिद्ध केले आणि १८९३ मध्ये हायडेलबर्ग येथे त्यांचे निधन झाले.

श्प्रेंगर यांचे ग्रंथ बर्लिनच्या वाटेवर असतानाच लखनौत उठाव झाला. आलमबागेतून पुढे सरकलेल्या इंग्रज फौजेने मार्च १८५८ मध्ये शहर पुन्हा घेतले आणि कैसरबागेसह राजवाड्यांची सर्रास लूट झाली. नवाबांच्या ग्रंथालयांचा त्यातच अंत झाला. काही ग्रंथ जळाले, काही सैनिकांच्या सामानातून गेले, काही बाजारात फुंकून टाकावे तसे विकले गेले आणि अवधच्या शाही शिक्क्यांच्या प्रती त्यानंतर जगभरच्या संग्रहांत तुरळक आढळू लागल्या. ज्या भागाची सूची छापली गेली होती, त्यात काय होते हे आज सांगता येते. ज्याची छापली गेली नाही, त्याबद्दल अंदाजावरच भागवावे लागते. १८५८च्या अखेरीस मुन्शी नवलकिशोर यांनी याच शहरात छापखाना काढून अरबी, फारसी, उर्दू, हिंदी आणि संस्कृत ग्रंथांच्या आवृत्त्या काढण्याचा सपाटा लावला आणि विस्कटलेल्या ग्रंथपरंपरेला नवा आधार दिला.

फ्यूरर: सापडलेले आणि बनवलेले

लखनौशी निगडित असलेल्या दुसऱ्या एका जर्मनभाषी विद्वानाची कथा श्प्रेंगर यांच्या कथेच्या अगदी उलट आहे. आलोइस आंतोन फ्यूरर यांचा जन्म १८५३ मध्ये लिमबुर्ग येथे झाला. कॅथलिक धर्मगुरू म्हणून दीक्षा घेतलेले फ्यूरर संस्कृतचे जाणकार होते. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकवले आणि वसिष्ठ धर्मशास्त्राची त्यांनी संपादित केलेली आवृत्ती १८८३ मध्ये मुंबई संस्कृत ग्रंथमालेत निघाली. ही ग्रंथमाला एल्फिन्स्टन कॉलेजचे गेओर्ग ब्यूलर आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे फ्रान्झ कीलहॉर्न या दोन जर्मन पंडितांनी सुरू केली होती आणि तिच्यात प्रवेश मिळणे हे प्रतिष्ठेचे लक्षण होते. १८८५ मध्ये फ्यूरर लखनौच्या प्रांतिक संग्रहालयाचे अभिरक्षक म्हणजे क्युरेटर झाले आणि पुरातत्त्व खात्याचे कामही त्यांच्याकडे आले. हे संग्रहालय तेव्हा लाल बारादरीत, नवाबांच्या राज्याभिषेकाच्या जुन्या दालनात होते.

१८८८ ते १८९१ या काळात फ्यूरर यांनी मथुरेच्या कंकाली टेकाडावर उत्खनन करून जैन स्तूपाचे अवशेष आणि शेकडो शिल्पे बाहेर काढली. त्यांवरील ब्राह्मी लेख ब्यूलर यांनी व्हिएन्नात बसून वाचले आणि जैन संघाचे गण, कुल आणि शाखा यांविषयी जैन ग्रंथांत दिलेली माहिती खरी असल्याचा पुरावा त्यातून मिळाला. शोध मोठा होता; पण कोणती वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी सापडली याची नोंद फ्यूरर यांनी ठेवली नाही. उत्खनन म्हणजे एकदाच वाचता येणारे पुस्तक, कारण वाचता वाचताच त्याची पाने नष्ट होत जातात. १९०१ मध्ये व्हिन्सेंट स्मिथ यांनी या शिल्पांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांना छायाचित्रे आणि आराखडे यांवरच काम भागवावे लागले.

नोंदीतील ही हयगय पुढे बनवाबनवीपर्यंत गेली. १८९५ मध्ये नेपाळच्या तराईत निगाली सागर येथे फ्यूरर यांना अशोकाचा एक स्तंभलेख मिळाला. कनकमुनी या पूर्वीच्या बुद्धाचा स्तूप अशोकाने वाढवल्याचा उल्लेख त्यात आहे आणि लेख अस्सल आहे. फ्यूरर यांनी मात्र शेजारी त्या स्तूपाचे भव्य अवशेष पाहिल्याचे वर्णन छापले. तसे अवशेष तेथे नव्हते आणि ते वर्णन अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या मध्य भारतातील स्तूपांवरील जुन्या ग्रंथातून उचललेले निघाले. डिसेंबर १८९६ मध्ये नेपाळचे जनरल खड्ग शमशेर यांच्या माणसांनी रुम्मिनदेई येथील स्तंभाभोवतीची माती काढली आणि बुद्धाचा जन्म येथे झाला म्हणून अशोकाने गावाचा कर कमी केल्याचे सांगणारा लेख उजेडात आला. रुम्मिनदेई म्हणजेच लुंबिनी, ही निश्चिती फ्यूरर यांच्या नावाशी जोडली जाऊन जगभर गाजली. याच सुमारास ऊ मा नावाच्या ब्रह्मी भिक्षूला फ्यूरर बुद्धाचे आणि उपगुप्ताचे म्हणून अवशेष पुरवत होते. त्यांतील दात घोड्याचा असल्याचे उघड झाले. कपिलवस्तूच्या शोधात त्यांनी सागरवा येथे केलेल्या उत्खननातील शाक्यांची नावे असलेले लेखही बनावट ठरले.

१८९८ मध्ये सारेच उघडकीला आले. पिप्रहवा येथे विल्यम पेपे या जमीनदारांना बुद्धधातूंचा करंडक सापडल्यामुळे तराईकडे सर्वांचे लक्ष लागले होते आणि भिक्षूच्या तक्रारीवरून चौकशी सुरू झाली. फ्यूरर यांच्यावर भिस्त ठेवणारे ब्यूलर एप्रिलमध्ये बोडन सरोवरात होडी उलटून बुडाले. त्याच वर्षी फ्यूरर यांना पद सोडावे लागले, त्यांचा तराईवरील अहवाल सरकारने मागे घेतला आणि ते युरोपात निघून गेले. तराईची फेरपाहणी पूर्णचंद्र मुखर्जी यांच्याकडे सोपवली गेली. लखनौच्या वास्तूंवर १८८३ मध्येच पुस्तक लिहिलेल्या मुखर्जींनी १८९९ मध्ये प्रत्यक्ष जागेवर जाऊन फ्यूरर यांची विधाने एकेक करून तपासली आणि तिलौराकोट म्हणजेच कपिलवस्तू असे प्रतिपादन केले. त्यांचा अहवाल १९०१ मध्ये स्मिथ यांच्या प्रस्तावनेसह निघाला. १९१२ मध्ये जर्मन लिपितज्ज्ञ हाइनरिक ल्यूडर्स यांनी लखनौ संग्रहालयातील लेख पुन्हा तपासून, रामनगर येथे सापडल्याचे फ्यूरर यांनी सांगितलेले लेख मथुरेच्या लेखांवरून बेतलेले असल्याचे दाखवले. लुंबिनीचा स्तंभलेख अस्सल असल्याबद्दल लिपितज्ज्ञांत एकमत आहे आणि १९९७ मध्ये ते स्थान जागतिक वारसा यादीत आले. तरीही शंका घेणारे लेखक अधूनमधून डोके वर काढतात, कारण त्या शोधाशी फ्यूरर यांचे नाव जोडलेले आहे.

निवाडा

श्प्रेंगर आणि फ्यूरर यांच्या चरित्रांत साम्य पुष्कळ आहे. दोघेही जर्मनभाषी, दोघेही भाषाकुशल, दोघेही इंग्रज सरकारचे नोकर आणि दोघांच्याही कामाचा पाया हिंदुस्थानी माणसांच्या श्रमांवर उभा. साम्राज्याच्या चाकरीचा आरोप दोघांवर सारखाच लागू होतो आणि वारसा शोधून काढल्याचे श्रेयही दोघांना कमी-अधिक द्यावे लागते. फरक पडतो तो नोंदीने. श्प्रेंगर यांनी पाहिलेले ग्रंथ नाहीसे झाले, पण त्यांची सूची दुसऱ्या प्रतींशी ताडून पाहता येते म्हणून टिकली. फ्यूरर यांनी शोधलेली शिल्पे आणि स्तंभ आजही टिकून आहेत, पण त्यांच्या नोंदी खोट्या किंवा अपुऱ्या असल्यामुळे खऱ्या शोधांचेही मोल उणावले. पोलिए आणि गिलख्रिस्ट यांच्या कामाचे मापही याच कसोटीवर घ्यावे लागते. रामचंद यांचे नाव लिहून ठेवणारे पोलिए येथे उजवे ठरतात, तर निनावी मुन्शींच्या बाबतीत कोशकारांच्या खात्यावर थकबाकी राहते.

महाराष्ट्रापुरते पाहिले, तर ब्यूलर, कीलहॉर्न आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी मुंबई सरकारसाठी जमवलेली हस्तलिखिते डेक्कन कॉलेजातून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आली आणि तेथे त्यांच्या वर्णनात्मक सूची सिद्ध झाल्या. भारत इतिहास संशोधक मंडळ आणि धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ यांनी खेडोपाडी हिंडून मिळवलेली दप्तरेही सुरक्षित आहेत. तरीही मठांत, देवघरांत आणि जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर बासनांत बांधलेल्या पोथ्या आणि मोडी कागद अजून कितीतरी आहेत. असा ठेवा ज्यांच्या घरी असेल, त्यांनी तो संस्थेला दिला नाही तरी चालेल. पण प्रत्येक पोथीची पहिली ओळ, शेवटची ओळ, पानांची संख्या, ती कोणाकडून आली ते आणि एखादे छायाचित्र एवढी नोंद आजच करून तिची एक प्रत जवळच्या संशोधन संस्थेकडे जरूर पाठवावी.